औषध दिलं की बरं, महिन्यानं पुन्हा तेच: कबुतराच्या पिल्लांच्या घशातला कँकर

आदल्या संध्याकाळी पिल्लाची गळ्यातली दाण्याची पिशवी टम्म भरलेली असते. सकाळी बघावं तर ती रिकामी लोंबतेय, चोचीच्या कडा ओल्या, आणि नाक जवळ नेलं की कुजका वास. चोच उघडून आत मोबाइलचा टॉर्च मारला की जिभेच्या मागे, टाळूला चिकटून पिवळट गोळा दिसतो, नासलेल्या दुधाच्या गाठीसारखा. मेडिकलमधून गोळी आणतो, चुरून भरवतो. तिसऱ्या दिवशी पिल्लू दाण्यासाठी ओरडायला लागतं आणि आपला जीव भांड्यात पडतो. महिना-दीड महिन्यानं खुराड्यातल्या त्याच खणात पुढची दोन पिल्लं फुटतात आणि आठव्या-दहाव्या दिवशी पुन्हा तोच पिवळा गोळा.

ज्यांच्या घरी हे एकदाच झालंय त्यांना पशुवैद्याकडून नीट औषध घेतलं तरी पुरे. मी लिहितोय ते दर हंगामात हेच भोगणाऱ्यांसाठी. मी तीन हंगाम भोगलंय.

माझ्याकडे सांगलीत गावभागातल्या घराच्या गच्चीवर चाळीसेक होमर, म्हणजे लांबून सोडली की घरी परतणारी शर्यतीची कबुतरं, आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा सगळी कबुतरं टोपल्यांत भरून विश्रामबागला मेहुण्याच्या गच्चीवर नेली. आणखी दोघा मित्रांची कबुतरंही तिथंच आली. एकच जाळी, एकच पाण्याचं भांडं, बारा दिवस. जीव वाचले, त्यामुळे तेव्हा दुसरं काही सुचलं नाही आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. पण त्या हिवाळ्यात जोड लावले आणि नऊपैकी चार खणांत पिल्लांना कँकर झाला. मी पुराच्या ओलीला दोष दिला. भिंतींना चुना मारला, खणांच्या फळ्या उन्हात वाळवल्या, जंतुनाशकानं जमीन धुतली, अंडी घालायचे मातीचे परळ नवे आणले. पुढच्या हंगामात पुन्हा तीन खण.

एवढी मेहनत वाया गेली, कारण हा रोग भिंतीत राहतच नाही. कँकर बुरशीनं होत नाही आणि बॅक्टेरियानंही नाही. तो ट्रायकोमोनास गॅलिनी नावाच्या एकपेशीय जीवामुळे होतो. रिव्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञानं १८७८ मध्येच त्याचं वर्णन करून ठेवलंय. हा जीव एक सेंटिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. टिकून राहायला त्याच्याकडे टणक कवच नसतं, त्यामुळे कोरडं पडलं की तो मरतो. उन्हात वाळलेल्या फळीवर तो तगत नाही. तो राहतो कबुतराच्या तोंडात, घशात आणि दाण्याच्या पिशवीत, आणि बहुतेक मोठ्या कबुतरांत काही त्रास न देता राहतो. तुमच्या खुराड्यातलं सगळ्यात चकचकीत, कराडहून सोडल्यावर पहिलं फळीवर उतरणारं कबुतरसुद्धा तो बाळगून असू शकतं.

पिल्लाला तो आई-बापाकडून मिळतो. कबुतराचे नर-मादी दोघंही पहिले काही दिवस पिल्लाला पिशवीतलं घट्ट, दह्यासारखं दूध भरवतात. पिल्लू आपली चोच त्यांच्या चोचीत खुपसतं आणि दुधाबरोबर हा जीवही घेतं. मोठ्या पक्ष्याच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार झालेली असते, पिल्लाकडे ती नसते. म्हणून बापाला काही होत नाही आणि लेकरू मरतं. अंड्यातून मात्र हा रोग जात नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं फिरतं.

आधी खात्री करा की तो कँकरच आहे. घशात पिवळं दिसलं की आपण सगळेच कँकर म्हणून मोकळे होतो. कबुतरांच्या देवी रोगातही तोंडात पिवळट थर येतो, पण तेव्हा बहुधा चोचीच्या मुळाशी, पापणीवर किंवा पायावर खपल्या दिसतात, आणि पावसाळ्यात डास वाढले की हे जास्त होतं. देवी विषाणूची, तिच्यावर कँकरचं औषध, म्हणजे मेट्रोनिडाझोल, चालत नाही. पांढुरका थर आणि पिशवीला आंबट वास असेल, त्यात आधी बरेच दिवस अँटिबायोटिक दिलेलं असेल, तर बुरशीचा संशय घ्या. कँकरचा गोळा घट्ट चिकटलेला असतो. कापसानं ओढून काढायला जाऊ नका. खालून रक्त येतं, आणि रक्त थांबलं नाही म्हणून गेलेलं पिल्लू मी हातात धरलंय. गोळा औषधानं आपोआप सुटतो. कधीकधी तोंडात काहीच नसतं आणि बेंबीपाशी सूज येते, किंवा रोग थेट यकृतात उतरतो आणि पिल्लू दोन दिवसांत सुकून जातं. तेव्हा नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

खरी खात्री सूक्ष्मदर्शकानं होते, आणि ती वाटते तेवढी अवघड नाही. माझा मावसभाऊ मिरजेत एका लॅबमध्ये कामाला आहे. एका रविवारी मी त्याच्याकडे टोपलीत पाच कबुतरं घेऊन गेलो, आजारी पिल्लू एकही नव्हतं. त्यानं काडीला गुंडाळलेला कापूस कोमट सलाइनमध्ये भिजवला, कबुतराच्या घशातून पिशवीपर्यंत अलगद फिरवला, काचपट्टीवर थेंब टेकवला आणि वर काच ठेवून लगेच बघितलं. लगेच बघणं महत्त्वाचं, कारण थंड झालं की हे जीव मंदावतात आणि मग बाकीच्या पेशींमधून ओळखू येत नाहीत. चौथ्या कबुतराच्या थेंबात त्यानं मला डोळा लावायला सांगितला. पेअर फळाच्या आकाराचे बारीक ठिपके झटके देत, गिरक्या घेत पळत होते. एका कोपऱ्यात दहा-बारा तरी असतील. ते कबुतर होतं माझी निळी, दोन काळ्या पट्ट्यांची मादी. गेल्या हंगामात साताऱ्याहून सोडली तेव्हा, म्हणजे हवाई अंतरानं एकशेदहा किलोमीटरवरून, ती सगळ्यांच्या आधी आली होती. चोच स्वच्छ, विष्ठा घट्ट, डोळा लखलखीत.

तिला मी नेलं ते अंदाजानं नव्हे, वही बघून. ही वही तुम्हीही ठेवा. खण, नराच्या आणि मादीच्या पायातल्या कडीचा नंबर, अंडं घातल्याची तारीख, पिल्लं फुटल्याची तारीख आणि काय झालं, एवढंच. पहिल्या हंगामात ती मादी तिसऱ्या खणात होती आणि तिसऱ्या खणाची दोन्ही वेळची पिल्लं आजारी पडली. दुसऱ्या हंगामात मी जोड बदलले. ती सातव्या खणात दुसऱ्या नराबरोबर गेली. तिसरा खण, जो मी तीनदा चुन्यानं रंगवला होता, तो एकदम निरोगी झाला आणि सातव्या खणात रोग आला. वहीची ती दोन पानं शेजारी ठेवली तेव्हा मला कळलं, रोग मादीबरोबर चालत गेला होता. आजारी खण आपण आजारी जागा समजतो आणि जागा धूत बसतो. पक्ष्याच्या कडीचा नंबर बघा.

आता आपल्याकडे सर्रास होणाऱ्या चुका सांगतो, कारण रोग परत येतो तो बहुतेक यांच्यामुळे.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त आजारी पिल्लाला औषध देणं. पिल्लू बरं होतं, आई-बापाच्या पिशवीत रोग तसाच राहतो. शिवाय औषध देऊन बरं झालेलं पिल्लू त्याच बापाच्या चोचीतून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घेतं.

दुसरी चूक, दोन दिवसांत पिल्लू खायला लागलं की औषध बंद. मेट्रोनिडाझोलचा कोर्स साधारण पाच दिवसांचा असतो. अर्धवट सोडला की जे टणक जीव उरतात त्यांचीच पुढची पिढी वाढते. तीन वर्षं असं केलं की एक दिवस औषध लागू पडेनासं होतं, आणि मग आपण मेडिकलवाल्याला किंवा कंपनीला बोल लावतो.

तिसरी चूक मापाची, आणि ही माझी. घरात माणसांची ४०० मिलिग्रॅमची गोळी असायची, मी अर्धी चुरून पिल्लाला द्यायचो. आमच्या पशुवैद्यांनी सांगितलेला डोस दर किलो वजनाला ५० मिलिग्रॅमच्या आसपास, दिवसातून एकदा. मोठा होमर ४०० ते ५०० ग्रॅमचा, म्हणजे त्याला वीस-पंचवीस मिलिग्रॅम पुरतात. मी पाव किलोच्या पिल्लाला दोनशे देत होतो. दोन पिल्लांची मान हलायला लागली, तोल जायला लागला, ती मला रोगाची लक्षणं वाटली आणि मी आणखी औषध दिलं. तो औषधाचा विषार होता. आता मी सिरप वापरतो. ५ मिलीत २०० मिलिग्रॅम असलेलं सिरप अर्धा मिली दिलं की मोठ्या कबुतराचं माप होतं, आणि गोळीसारखं कडूही लागत नाही. बाटलीवरचं प्रमाण वाचून आणि पक्षी किचनच्या वजनकाट्यावर ठेवून डॉक्टरांकडून माप ठरवून घ्या. देताना जिभेच्या बुडाशी श्वासनळीचं भोक दिसतं, सुई नसलेली सिरिंज त्याच्या बाजूनं, मागे सरकवून द्या. समोरून पिचकारी मारली तर औषध फुप्फुसात जातं. कार्निडाझोलची खास कबुतरांसाठीची १० मिलिग्रॅमची गोळीही असते, मोठ्याला एक आणि आई-बापापासून नुकत्याच सुट्या केलेल्या पिल्लाला अर्धी. मिळाली तर काम सोपं होतं.

चौथी, पाण्यातून औषध. चाळीस कबुतरांना एकेक करून पाजणं जिवावर येतं, मान्य आहे. पण कडू पाणी कबुतर टाळतं आणि गच्चीवरच्या कूलरखालचं डबकं शोधतं. थंडीत पाणी कमी पितं, तेव्हा औषध अपुरं पडतं. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात दुप्पट पितं, पिल्लं भरवणारी जोडी तर त्याहून जास्त, तेव्हा औषध जास्त होतं. द्यायचंच असेल तर त्या दिवसांत अंघोळीची परात उचलून ठेवा, कबुतरं बाहेर सोडू नका, आणि रोज ताजं पाणी करा. मी जोड लावण्याआधी एकेकाला हातानंच देतो. पाचही संध्याकाळी जातात, पण कुणी प्यायलं, कुणी नाही हा प्रश्नच उरत नाही. गच्चीवर कोंबड्याही असतील तर हे पाणी त्यांच्यापासून लांब ठेवा. ही औषधं खायच्या अंड्या-मांसाच्या पक्ष्यांना चालत नाहीत.

पाचवी गोष्ट आपल्या भागाची खास आहे म्हणून वेगळी लिहितो. तासगाव, मिरजेकडे द्राक्षबागा, त्यामुळे बागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी घरोघरी मोरचूद असतं. जुने लोक ते चिमूटभर पाण्यात टाकतात. आमच्या गल्लीतले तात्या आयुष्यभर टाकत आले, त्यांना मी मानतो, कबुतराची नजर त्यांच्याकडूनच शिकलो. पण मोरचुदाचं औषध आणि विष यांच्यात अंतर फार थोडं आहे आणि चिमूट प्रत्येकाची वेगळी असते. आता ते वापरू नका. हळदीचं पाणी, लसणाचं पाणीही पुष्कळ जण देतात. सांगलीच्या माणसानं हळदीला नावं ठेवणं बरं दिसत नाही, पण पिशवीत बसलेला कँकर हळदीनं निघत नाही. तेवढ्यावर विसंबून चार दिवस गेले की पिल्लू हातचं जातं.

मी आता काय करतो ते सांगतो. जोड लावायच्या दोन आठवडे आधी सगळ्या नर-माद्यांना, आजारी असो नसो, एकाच वेळी पूर्ण पाच दिवस औषध. अर्ध्यांना आज आणि अर्ध्यांना पुढच्या आठवड्यात असं केलं तर पहिले अर्धे पाण्याच्या भांड्यावरून पुन्हा रोग घेतात. नंतर जोड लावतो. पहिलं अंडं आणि दुसरं अंडं यांत साधारण ४४ तासांचं अंतर असतं, आणि सतरा-अठरा दिवसांत पिल्लं फुटतात. पिल्लं फुटायच्या आधी दोन-तीन दिवस आई-बापाच्या पिशवीत दूध तयार व्हायला लागतं. म्हणून ज्या खणाचा वहीत वाईट इतिहास आहे, तिथल्या नर-मादीला अंड्यांवर बसून आठ-दहा दिवस झाले की पुन्हा एकदा औषध देतो, म्हणजे दूध उतरेपर्यंत घसा साफ होतो आणि औषधही दुधात जात नाही.

निळ्या मादीचं मात्र एवढ्यानंही भागलं नाही. औषधानंतर महिन्यानं पुन्हा कापूस फिरवला तर काचपट्टीवर पुन्हा ठिपके. तिचा वंश मला सोडायचा नव्हता. तेव्हा अंड्यातून रोग जात नाही हे कामाला आलं. तिची अंडी मी एक-दोन दिवसांच्या फरकानं अंडी घातलेल्या निरोगी जोडीखाली सरकवली आणि तिच्याखाली प्लॅस्टिकची अंडी ठेवली. पिल्लं दुसऱ्याच्या दुधावर वाढली. सहा पिल्लं अशी काढली, एकालाही कँकर नाही. हलवायचं ते अंडं. फुटलेलं पिल्लू हलवलं तर तेवढ्या वेळात त्यानं घेतलेला रोगही निरोगी खणात जातो. सुरुवातीला मी हेच केलं होतं, आजारी खणातलं वाचलेलं पिल्लू चांगल्या आईकडे दिलं, आणि चांगली आई बिघडवून घेतली.

पाण्याचं भांडं हे दुसरं दार. कबुतर चोच बुडवून पाणी ओढतं, त्यामुळे घशातलं बरंच काही भांड्यात राहतं. पाण्यात हा जीव वाळत नाही, आणि दाण्याचा चुरा, विष्ठा पडलेल्या पाण्यात जास्त तगतो. म्हणून भांडं सकाळ-संध्याकाळ घासून, उन्हात पूर्ण कोरडं करून भरा. दोन भांडी ठेवा, एक वापरात आणि एक उन्हात. वर झाकण असलेलं, नुसती चोच आत जाईल असं भांडं घ्या. आठवड्यातून दोन दिवस मी लिटरला ५ मिली सफरचंदाचं व्हिनेगर घालतो. हे औषध नाही, पाणी थोडं आंबट झालं की या जीवाला ते मानवत नाही इतकंच. तांब्याच्या किंवा जस्ताच्या भांड्यात व्हिनेगर कधी घालू नका, धातू पाण्यात उतरतो. प्लॅस्टिक, काच किंवा मातीचं भांडं चालेल.

आणि पारवे. माझ्या खुराड्यात सगळं नीट झाल्यावरही चौथ्या वर्षी एका खणात कँकर आलाच. शोधत गेलो तर शेजारच्या गच्चीवरची टाकी भरून वाहायची, खाली डबकं साचायचं आणि तिथं पारवे आणि माझी कबुतरं एकत्र पाणी प्यायची. शेजारच्या काकूंना सांगितलं, त्यांनी टाकीचा बॉल बदलून घेतला. त्यानंतर मी कबुतरं सोडायच्या आधी पोटभर पाणी देतो आणि दाणा परत आल्यावर खुराड्यातच देतो, म्हणजे ती बाहेर चरत-पीत फिरत नाहीत. गच्चीवर दाणे विखरून ठेवायची सवय असेल तर ती मोडा, पारवे त्यासाठीच येतात.

शर्यतीच्या दिवसांत हाच रोग वेगळ्या रूपात दिसतो. मोठं कबुतर मरत नाही, पण कराडहून तासाभरात यायचं ते दीड-दोन तास लावतं, उतरल्यावर आधी पाण्याकडे धावतं आणि दाण्याला तोंड लावत नाही. चोच उघडली की घशात लाळेच्या तारा ताणलेल्या दिसतात. शर्यतीच्या पेटीत दहा ठिकाणची कबुतरं एकाच पन्हाळीतून पाणी पितात, तिथून हे येतं. परतलेली कबुतरं दोन-तीन दिवस वेगळ्या भांड्यावर ठेवा आणि पिल्लं भरवणाऱ्या जोडीतला पक्षी त्या हंगामात शर्यतीला पाठवू नका.

एवढं करूनही परत आलं तर डोस स्वतःच्या मनानं वाढवू नका. मेट्रोनिडाझोल, रोनिडाझोल, कार्निडाझोल ही एकाच घराण्यातली औषधं आहेत, एकाला दाद न देणारा जीव दुसऱ्यालाही न जुमानण्याची शक्यता असते. आधी खुराड्यात गर्दी वाढलीय का, जमीन ओली आहे का, पिल्लांना दुसरा काही आजार आहे का ते बघा. अंगात दुसरं दुखणं असलं की कँकर डोकं वर काढतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना जिवंत आजारी पिल्लू न्या, कारण पक्षी मेल्यावर हा जीव फार वेळ टिकत नाही आणि तपासणीत सापडत नाही. पिल्लू मेलंच असेल तर लगेच बर्फावर ठेवून त्याच दिवशी पोचवा, फ्रीझरमध्ये गोठवू नका. सातारा, खंडाळ्याकडच्या मंडळींना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं, आधी चौकशी करून तिकडे जा.

निळी मादी अजून आहे. सातव्या खणात प्लॅस्टिकच्या अंड्यांवर बसते, वीस दिवस मनापासून उबवते आणि मग आपण होऊन उठते. तिचा एक नातू या डिसेंबरात पहिल्यांदा कराडहून सोडायचाय. जोड लावण्याआधीचं औषध नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे, वहीत तारीख घातलीय.